विकलेल्या बैलाच्या डोळ्यांतले पाणी : ते रडणे होते का?

गव्हाणीकाठचा (प्रश्नकर्ता)

आमच्या घरी गेली सात वर्षे हरण्या आणि पाखऱ्या अशी एक खिल्लार जोडी होती. दोघेही आदत असताना, म्हणजे दुधाचे दातही पडलेले नसताना, वडिलांनी त्यांना आणले, स्वतः वेसण घातली आणि औताला शिकवले. आता शेताची बहुतेक कामे ट्रॅक्टरवर होतात, वडिलांच्या गुडघ्यांनी दावणीचे काम झेपत नाही आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. त्यामुळे गेल्या महिन्यात जोडी सांगोल्याच्या बाजारात नेली. हरण्याचा खांदा सुजलेला असल्याने त्याला कोणी मागितले नाही. पाखऱ्याला मात्र एका शेतकऱ्याने पसंत केले, कारण त्याच्याकडचा एक बैल दगावला होता आणि दुसऱ्याला साजेसा जोडीदार त्याला हवा होता.

व्यवहार नेहमीप्रमाणे उपरण्याखाली झाला. कापडाखाली हातात हात, बोटे दाबून आकडा सांगायचा आणि चेहऱ्यावर काहीही उमटू द्यायचे नाही. वडिलांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. पुढे त्यांनी कासरा नव्या मालकाच्या हाती दिला, तेव्हा पाखऱ्याने मान वळवून मागे पाहिले आणि त्याच्या डाव्या डोळ्याखालून पाण्याची एक ओली रेघ थेट गालापर्यंत आलेली आम्ही दोघांनी पाहिली. त्या दिवसापासून वडील नीट जेवत नाहीत. "तो रडत होता आणि मी बाजारात उभा राहून पैसे मोजत होतो," असे ते म्हणतात.

माझा प्रश्न असा आहे की गाई-बैल दुःखाने अश्रू ढाळतात का, आणि ढाळत नसतील तर त्यांचे दुःख ओळखायचे कशावरून? आपण विकले जात आहोत हे त्याला कळले असेल, की त्याला केवळ वडिलांच्या मनातली कालवाकालव जाणवली असेल? मला सांत्वन नको आहे. वडिलांना जे खरे आहे तेच सांगायचे आहे, म्हणून ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांनीच कृपया लिहावे.

---

जनावरांचा डॉक्टर

आपण एक तपशील लिहिला आहे, ज्याकडे आपले स्वतःचे लक्ष गेलेले दिसत नाही. पाणी डाव्या डोळ्यातून येत होते, असे आपण म्हणता. उजवा डोळा कोरडा होता का? तसे असेल तर माझे पहिले उत्तर असे आहे की दुःख एका डोळ्यातून येत नाही. एकाच डोळ्यातून धार लागली की आम्ही आधी पापणी उलटून आत कडब्याचे कुसळ अडकले आहे का ते पाहतो, मग बुबुळावर पांढरा डाग आहे का ते पाहतो, आणि मग माश्यांमुळे पसरणारे, डोळ्यात वळवळणारे बारीक जंत शोधतो. टेम्पोतला वारा, बाजारतळावरची धूळ आणि शेकडो जनावरांच्या मुताचा उग्र वास यांमुळेही डोळे पाझरतात, पण बहुधा दोन्ही. नव्या मालकाचा फोन क्रमांक आपल्याकडे असेल तर आजच फोन करून डोळा तपासून घ्यायला सांगा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बुबुळ ओले ठेवण्यासाठी आणि कचरा धुऊन काढण्यासाठी अश्रू जवळपास सर्वच सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत असतात. मात्र मन भरून आले म्हणून डोळ्यांतून धार लागणे, ही गोष्ट आजवरच्या अभ्यासात माणसाखेरीज इतर कोणत्याही प्राण्यात खात्रीने दाखवता आलेली नाही. जपानमध्ये कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. कित्येक तासांनी मालक परत भेटल्यावर कुत्र्यांच्या डोळ्यांतला ओलावा वाढतो, ओळखीचा पण मालक नसलेला माणूस भेटल्यावर तेवढा वाढत नाही, असे त्यात आढळले. पण तो ओलावा पापणीखाली कागदाची पट्टी ठेवून मोजावा लागला होता; गालावर ओघळ आलेला नव्हता. शिवाय तो भेटीच्या वेळचा होता, ताटातुटीच्या वेळचा नव्हता.

याचा अर्थ पाखऱ्याला काहीच वाटले नाही असा मात्र मुळीच नाही. आपण चुकीच्या जागी पाहत होतो, इतकाच त्याचा अर्थ आहे. बैलाचे मन त्याच्या अश्रूंत शोधू नये. ते कानांत, डोळ्याच्या पांढऱ्या भागात, आवाजात आणि रवंथात शोधावे. नॉर्वेतील संशोधकांनी २००२ साली उपाशी गाईंना चारा दिसेल पण मिळणार नाही अशी व्यवस्था करून त्यांच्या डोळ्यांची छायाचित्रे घेतली. ज्यांची अशी निराशा झाली त्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग वाढला आणि ज्यांना चारा मिळाला त्यांचा कमी झाला. पुढे त्याच गटाने वासरू दूर नेल्यावर आणि परत आणल्यावरही हे तपासले, तेव्हाही चित्र तसेच दिसले. आपल्याकडे भीतीने किंवा धक्क्याने 'डोळे पांढरे झाले' असे म्हणतात. तो वाक्प्रचार रचणाऱ्याने बहुधा गोठ्यात बराच वेळ काढला असावा. कानांचेही तसेच आहे. निवांत जनावराचे कान सैल, बाजूला लोंबते किंवा किंचित मागे असतात. दुखणे असेल तर कान मागे ताणलेले किंवा खाली पडलेले, नाकपुड्या ताणलेल्या, डोळ्यांवरचे स्नायू ताठ आणि नजर एका जागी खिळलेली, असा चेहरा दिसतो. डेन्मार्कमध्ये २०१५ साली गाईच्या दुखऱ्या चेहऱ्याची ही लक्षणे व्यवस्थित मांडली गेली, पण जुने गुराखी ती बघूनच डॉक्टरला बोलावणे पाठवत असत.

सर्वांत भरवशाची खूण मात्र रवंथ ही आहे. निरोगी मोठे जनावर दिवसाकाठी साधारण सात-आठ तास रवंथ करते, आणि भीती, दुखणे किंवा नवी जागा यांमुळे आधी रवंथच कमी होतो. डोळे कोरडे असूनही ज्या बैलाने दिवसभर रवंथ केला नाही, त्याची काळजी मला डोळे ओले असलेल्या बैलापेक्षा जास्त वाटते.

---

खांदेमळणी

डॉक्टरांचे म्हणणे मान्य आहे. मात्र मी चाळीस वर्षे बैल सांभाळले आहेत, म्हणून एका बाबतीत त्यांच्या लिहिण्यात भर घालतो. प्रश्नकर्त्याने मालक आणि बैल यांच्या ताटातुटीबद्दल विचारले आहे. पण खरी ताटातूट दोन बैलांची झाली आहे आणि तिच्याबद्दल कोणीच विचारलेले नाही. सात वर्षे एका जुवाखाली चाललेले बैल एकमेकांचा श्वास ओळखतात. माझ्या जोडीतला एक बैल औषधपाण्यासाठी दोन दिवस तालुक्याला ठेवावा लागला होता, तेव्हा मागे राहिलेला बैल पाण्यावर नेला तरी तोंड लावत नसे आणि रस्त्यावर कोणत्याही टेम्पोचा आवाज आला की मान वर करून हंबरत असे. आमच्याकडे जोडी फोडणे हा शब्द उगीच नाही; तो आम्ही भांडे फोडण्यासारखाच वापरतो.

बैलाला माणूस कळतो का, असे विचारता, तर कळतो. त्याला चेहऱ्याआधी हात कळतो. कासरा कोणी धरला आहे हे तो न बघता ओळखतो. नवखा गडी औतावर आला की बैल पहिल्या दोन तासांतच त्याची परीक्षा घेतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही खांदेमळणी करतो, हळद-तुपाने खांदा चोळतो आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असे म्हणतो. त्या वेळी मानेखालची पोळी, म्हणजे लोंबती कातडी, खाजवली की बैल मान लांब करून, ओठ सैल सोडून, डोळे अर्धे मिटून उभा राहतो. ते समाधान नसेल तर समाधान म्हणजे काय, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. पण बैलाला बाजार कळत नाही आणि पैसाही कळत नाही. आपल्या वडिलांनी पैसे मोजले ही टोचणी माणसाची आहे. ती बैलाच्या माथी मारू नये.

---

वर्तनाचा विद्यार्थी

मी प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करतो. खांदेमळणी काकांच्या निरीक्षणाला दुजोरा देऊनच सुरुवात करतो. गाई एकमेकींना चाटतात ती जागा प्रामुख्याने मान हीच असते. व्हिएन्नातील संशोधकांनी २००८ साली गाईंच्या शरीरावर वेगवेगळ्या जागी हात फिरवून पाहिले, तेव्हा मानेवर हात फिरवल्यावर गाई सर्वाधिक मान ताणून कान लोंबते सोडतात असे दिसले. म्हणजे आपण पोळी खाजवतो तेव्हा नकळत गाईच्याच भाषेत बोलत असतो. कळपापासून वेगळे काढल्यावर सोबतीला आवडता जोडीदार असेल तर कालवडींच्या हृदयाचे ठोके कमी वाढतात, हेही इंग्लंडमधील अभ्यासात दिसलेले आहे.

आता वडिलांना जे दिसले त्याविषयी. या बाबतीत ते एकटे नाहीत. चार्ल्स डार्विन यांनी माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावना व्यक्त होण्यावर १८७२ साली एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी श्रीलंकेत नव्याने पकडून जखडलेल्या हत्तींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, हे एका अधिकाऱ्याचे वर्णन उद्धृत केले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील रखवालदारानेही, पिल्लाला दूर नेल्यावर म्हातारी हत्तीण रडताना आपण पाहिली, असे त्यांना सांगितले होते. डार्विनसारखा काटेकोर माणूससुद्धा या साक्षींवर विसंबला. हत्तींना ओरडायला लावून डोळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात का, हे मात्र त्यांनी मुद्दाम तपासून घेतले. बघणाऱ्याच्या मनात दुःख असले की समोरच्या ओल्या डोळ्याचा अर्थ आधीच ठरलेला असतो, आणि एवढ्या मोठ्या माणसाचीही त्यातून सुटका झालेली दिसत नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कुत्र्याचे आहे. चप्पल चावून ठेवलेला कुत्रा कान पाडून, नजर चुकवून, शेपूट घालून उभा राहतो आणि घरातले म्हणतात, "बघा, चूक कळली त्याला." अमेरिकेतील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली याची परीक्षा घेतली. मालक खोलीबाहेर गेल्यावर काही कुत्र्यांनी मना केलेला खाऊ खाल्ला, काहींनी खाल्ला नाही, आणि मालकाला मात्र काही वेळा मुद्दाम खोटे सांगण्यात आले. तो अपराधी चेहरा कुत्र्याच्या अपराधावर अवलंबून नव्हता, तर मालकाच्या रागावर अवलंबून होता. निष्पाप असूनही बोलणी खाल्लेले कुत्रे तर सर्वांत जास्त 'अपराधी' दिसले. म्हणजे ज्याला आपण पश्चात्ताप समजतो ते आपल्याच रागाचे, कुत्र्याने अचूक वाचलेले, उत्तर असते.

मला यातला दुसरा अर्धा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. आपण त्यांना चुकीचे वाचतो, पण ते आपल्याला बरेच बरोबर वाचतात. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा एक घोडा खुराने टापा मारून गणिते सोडवत असे. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवून दिले की घोड्याला गणित येत नव्हते. विचारणाऱ्याचे डोके आणि शरीर किंचित पुढे झुकले की तो टापा सुरू करी आणि बरोबर आकडा आल्यावर विचारणारा नकळत जरासा सरळ झाला की थांबे. विचारणाऱ्याला स्वतःलाही ती हालचाल ठाऊक नसे, आणि हे सगळे उघडकीला आणणाऱ्या फुंग्स्ट यांनासुद्धा ती पुरती थांबवता आली नाही. घोडा आकडेमोडीत फसवा निघाला खरा, पण माणूस वाचण्यात तो बघायला जमलेल्या सगळ्या विद्वानांच्या पुढे होता. गाईंच्या बाबतीतही असेच काहीसे आहे. त्यांना दटावणारा आणि गोंजारणारा माणूस वेगवेगळा ओळखता येतो, दटावणाऱ्यापासून त्या लांब उभ्या राहतात, आणि तो जवळ असेल तर दूधही चोरतात. हे १९९० च्या दशकात प्रयोगांनी सिद्ध झाले आहे.

आपल्या वडिलांनी चेहरा कोरा ठेवला होता, असे आपण लिहिता. व्यापाऱ्यासाठी तेवढे पुरेसे होते. पण त्यांचा हात उपरण्यातून बाहेर येऊन कासऱ्यावर गेला तेव्हा पकड, घाम, श्वास यांपैकी काही ना काही बदललेले असणारच, आणि कासऱ्याचे दुसरे टोक वेसणीला, म्हणजे बैलाच्या शरीरातल्या अत्यंत हळव्या जागेला बांधलेले असते. पाखऱ्याने मान वळवली ती त्यामुळे, असे मी ठामपणे म्हणणार नाही. बैलाला ठीक पाठीमागचे दिसत नाही, म्हणून ओळखीचा आवाज किंवा वास मागे पडला तरी तो मान वळवतोच. आपण विकले जात आहोत हे त्याला कळले, असे मानायला काहीही आधार नाही. आपल्या माणसाचे काहीतरी बिनसले आहे हे त्याला जाणवले असावे, असे मानायला मात्र पुष्कळ आधार आहे.

---

जुनी पोथी

मी संस्कृत शिकवत असे. विज्ञानातले मला फारसे कळत नाही. तरीही अश्रूंविषयी चर्चा चालू असताना भरतमुनींचे स्मरण करून देणे योग्य वाटते. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ (जागीच खिळणे), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद (आवाज बदलणे), वेपथू (कापणे), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उतरणे), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणे). जे नटाला केवळ हातवाऱ्यांनी आणता येत नाहीत, मन एकाग्र झाल्यावरच अंगावर उमटतात, ते हे भाव. अश्रू कशाने येतात हे सांगताना भरतांनी शोक, आनंद, संताप आणि भय ही कारणे दिली आहेतच, पण त्याच श्लोकात धूर, काजळ, जांभई, थंडी, पापणी न लववता पाहणे आणि रोग हीसुद्धा दिली आहेत. डॉक्टरांनी वर जे कुसळ आणि जंत सांगितले ते रोगात येतात. अश्रू दिसले म्हणजे शोक आहेच असे समजू नये, हे ज्यांना प्रेक्षकांना रडवायचे होते त्यांनाही ठाऊक होते. आठांपैकी अंगावर काटा येणे, कापणे आणि जागीच खिळणे हे भाव आपण मांजरात, घोड्यात आणि हरणात रोज पाहतो; अश्रूंच्या बाबतीतच आपली गल्लत होते.

एक गोष्ट भाषेची. दुःख व्यक्त करण्यासाठी मराठी माणसाने जनावरांकडून शब्द उसने घेतले आहेत. जवळचे माणूस गेले की आपण हंबरडा फोडतो, म्हणजे वासरू नेलेल्या गाईचा आवाज आपल्या तोंडी येतो. आपण कान टवकारतो, शेपूट घालतो, बुजतो, बिथरतो, उधळतो, चवताळतो. अश्रू ढाळणे मात्र जनावराकडून आलेले दिसत नाही. ती देवघेव उलट दिशेने झाली. आपण आपले अश्रू त्यांना दिले.

---

गव्हाणीकाठचा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे त्याच संध्याकाळी नव्या मालकांना फोन केला. त्यांनी पाखऱ्याला घरी नेल्यावर दुसऱ्याच दिवशी डोळा दाखवला होता. पापणीखालून कडब्याचे कुसळ निघाले आणि थेंब घातल्यावर चार दिवसांत पाणी थांबले. उजवा डोळा कोरडाच होता. पण न विचारता त्यांनी पुढे जे सांगितले ते असे : पहिल्या दोन रात्री तो सारखा हंबरत होता, गव्हाणीत तोंड घालून पुन्हा बाहेर काढत होता, आणि नीट रवंथ करायला तिसऱ्या दिवशी दुपारी बसला. आता तो त्यांच्या बैलाशेजारी चालतो, पण त्याला डावीकडे जुंपले तरच. उजवीकडे घेतला की अडतो. आमच्याकडेही तो डावीकडचाच होता. हे सगळे मी वडिलांना जसेच्या तसे सांगितले. कुसळाचे ऐकून ते काही बोलले नाहीत. रवंथाचे मात्र दोनदा विचारून घेतले.

या शनिवारी गावी जाऊन मी हरण्याकडे मुद्दाम तासभर बसलो. कान सैल होते, खांद्याची सूज उतरली होती आणि रवंथ चालू होता. पण गव्हाणीच्या डाव्या बाजूला, जिथे पाखऱ्या खात असे, तिथला कडबा त्याने शिवलेला नव्हता. मला भरून आले आणि मी वडिलांना बोलावून तो कडबा दाखवला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि सांगितले की हरण्याचे दावे आखूड आहे, त्याचे तोंड तिथपर्यंत पोहोचत नाही. दावे हातभर सैल केल्यावर त्याने तो कडबा अर्ध्या तासात संपवला. रात्री मी कंदील घेऊन पुन्हा गोठ्यात गेलो, तेव्हा सैल दाव्यानिशी तो बसला होता ते उजव्याच बाजूला, भिंतीला लागून, डावी जागा मोकळी सोडून. याला दुःख म्हणावे की सात वर्षांची सवय, हे मी वडिलांना विचारले नाही.